मेहनत आमच्या मुली करतील, खुराकाचं बोला: खान्देशातल्या क्रीडा आयोजकांना खुले पत्र

प्रति,
खान्देशात शालेय क्रीडा स्पर्धा आणि निवड शिबिरे भरवणारे सर्व अधिकारी, क्रीडा संघटनांचे पदाधिकारी आणि संस्थाचालक यांस,

स.न.वि.वि.

यंदाच्या निवासी निवड शिबिराचं पत्र आमच्या शाळेत आलं. सूचनांच्या यादीत मधेच एक ओळ आहे: सकाळचा नाश्ता आणि सरावानंतरचा अल्पोपाहार खेळाडूंनी स्वखर्चाने करावा. गेल्या वर्षापर्यंत शिबिरात सकाळी दूध, केळं आणि उकडलेलं अंडं मिळायचं. ते बंद झालं, आता फक्त दोन वेळचं जेवण राहिलं. कारण विचारलं तर निधी अपुरा आहे असं सांगण्यात आलं. त्याच पत्रात उद्घाटनाचा मंडप, पाहुण्यांचा सत्कार आणि स्मृतिचिन्हं यांची तयारी मात्र नीट नमूद केलेली आहे. मी फोनवर बोलले, लेखी अर्ज दिला. "पुढच्या वर्षी बघू" एवढंच उत्तर मिळालं. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचं वाढीचं वर्ष पुढच्या वर्षी परत येत नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी तापीकाठच्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. माझ्याकडे मैदानावर येतात त्या मुली सालदारांच्या, शेतमजुरांच्या, केळीच्या गाड्या भरणाऱ्यांच्या. काही सातपुड्यातल्या पाड्यांवरून आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या भिल्ल आणि पावरा समाजाच्या. चढण चढून त्यांच्या पायांना आणि छातीला अशी सवय झालेली असते, की पहिल्याच दिवशी 1500 मीटर धावून त्या हसत उभ्या राहतात. त्यांच्यात गुण आहेत की नाहीत हा प्रश्न आम्हाला कधीच पडला नाही. प्रश्न पडतो तो ऑक्टोबरात. तेव्हा स्पर्धांचा हंगाम आणि कापूस वेचणी एकाच वेळी येतात. रविवारी दिवसभर कापूस वेचून सोमवारी पहाटे सरावाला आलेली मुलगी दुसऱ्या फेरीत थांबते आणि म्हणते, "मॅडम, डोयासमोर आंधारी येस." काय खाल्लं विचारलं तर चहा आणि टोस्ट.

आपल्याकडे कुस्तीची परंपरा आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचे विजय चौधरी 2014, 2015 आणि 2016 असे सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाले. कोणत्याही तालमीत जाऊन वस्तादाला विचारा, तो मेहनत आणि खुराक या दोन गोष्टी एका दमात सांगेल. पहिलवानाच्या दूध-बदामासाठी आख्खं गाव वर्गणी काढतं आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही. मग 800 मीटर धावणाऱ्या मुलीचा खुराक तिचा खासगी मामला कसा झाला? तिचंही शरीर त्याच नियमाने चालतं.

शिबिराचं वेळापत्रकच घ्या. रात्रीचं जेवण आठला, पहाटेचा सराव साडेपाचला. माणसाच्या यकृतात साधारण 100 ग्रॅम साखरेचा साठा असतो आणि झोपेत त्यातला मोठा भाग मेंदू आणि बाकीचं शरीर वापरून टाकतं. स्नायूंमधला साठा वेगळा असतो, त्यावर मुलगी पहिला तासभर पळते. सराव संपतो तेव्हा तोही बराच उतरलेला असतो. तो भरून काढायची स्नायूंची तयारी सराव संपल्यावरच्या पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असते. म्हणून दिवसातून दोनदा सराव असेल आणि मधे आठ तासांहून कमी वेळ असेल, तर क्रीडा आहारशास्त्र सांगतं की पहिले चार तास दर तासाला शरीराच्या दर किलो वजनामागे 1 ग्रॅम किंवा थोडं जास्त कर्बोदक पोटात जायला हवं. 45 किलोच्या मुलीला हे तासाला 45 ग्रॅम झालं. मध्यम केळ्यात सुमारे 25 ग्रॅम असतं. म्हणजे सराव संपल्या संपल्या दोन केळी, मग पोटभर नाश्ता, मग वेळेवर जेवण.

आपल्या नव्या वेळापत्रकात साडेसातला सराव संपतो आणि साडेबाराला ताट मिळतं. ज्यांच्या खिशात पैसे आहेत ती मुलं गेटबाहेरच्या गाड्यावर पोहे-समोसा खातात. बाकीची हॉलमध्ये आडवी पडतात. साडेचारला पुन्हा शिट्टी वाजते. मधे नऊ तास असले, तरी त्यातले पहिले पाच तास पोट रिकामंच असतं. अर्धवट भरलेल्या स्नायूंनी केलेल्या त्या सरावात वेग येत नाही, पाय चुकीचा पडतो, मांडीचा स्नायू धरतो. आणि निवड समितीच्या वहीत शेरा पडतो, "दम कमी आहे." हा शेरा त्या मुलीबद्दल नाही, आपल्या वेळापत्रकाबद्दल आहे. निवड गुणांची व्हावी. गाड्यावर खर्च करायला कोणाच्या बापाकडे पैसे आहेत, याची होऊ नये. ही माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार आहे.

दुसरी तक्रार शाळेतल्या जेवणाबद्दलची. तिचा निर्णय आपल्या हातात नसेल, पण त्याबद्दल शासनाकडे बोलायचं काम आपलं आहे. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो. सहावी ते आठवीच्या मुलांना त्यातून 700 किलोकॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. नववीत पाऊल टाकलं की तो बंद. 17 वर्षांखालच्या गटात खेळणारी बहुतेक मुलं नववी-दहावीत किंवा अकरावीत असतात. म्हणजे सराव वाढतो, उंची वाढते, भूक वाढते, त्याच वर्षी दुपारचं ताट काढून घेतलं जातं. आठवीच्या आतल्या मुलांनाही नोव्हेंबर 2023 पासून आठवड्यातून एक अंडं किंवा केळं मिळू लागलं होतं. जानेवारी 2025 मध्ये त्याचा वेगळा निधी थांबला आणि लोकसहभागातून करा असं शाळांना सांगितलं गेलं. ज्या गावात अर्धी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तिथे लोकसहभाग कोणाकडून घ्यायचा?

प्रथिनांचा हिशेब मी इथे मांडते, कारण "मुलांना फार काही लागत नाही" असं मला बैठकीत ऐकवण्यात आलं. नियमित कसून सराव करणाऱ्या खेळाडूला दर किलो वजनामागे दिवसाला 1.2 ते 2 ग्रॅम प्रथिनं लागतात. आमच्या 45 किलोच्या मुलीला साधारण 65 ग्रॅम धरा. दिवसभरात ज्वारीच्या चार भाकरी खाल्ल्या तर त्यातून 30-32 ग्रॅम येतात, तेही चार भाकरी मिळाल्या तर. त्यात एक वाटी घट्ट वरण, दोन अंडी, मूठभर शेंगदाणे आणि पेलाभर दूध मिळवलं की आकडा पासष्टच्या आसपास जातो. एवढ्यासाठी कोणताही परदेशी डबा लागत नाही. घरी मात्र बहुतेकदा भाकरी आणि मिरचीचा ठेचा एवढंच असतं. वरण पातळ असतं. दूध डेअरीत जातं, कारण त्यावर घर चालतं.

आपल्या आज्यांनी याचं उत्तर फार आधी शोधलेलं आहे. कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो उडदात भरपूर असतो. उडदात जे कमी पडतं ते ज्वारीत असतं. दोन्ही एका भाकरीत आलं की स्नायू बांधायला लागणारा माल पुरा होतो. शिबिराच्या ठेकेदाराच्या यादीत मात्र मैद्याची पुरी आणि बटाट्याची भाजी असते. दादर ज्वारी पिकवणाऱ्या भागात शिबिर असतं आणि मुलांच्या ताटात भाकरी दिसत नाही.

आता स्पर्धेचा दिवस. एका स्पर्धेचं सांगते. हजेरी सकाळी सातला, त्यासाठी मुली चारला उठून पहिल्या एसटीने आलेल्या. धावण्याची अंतिम फेरी दहाला होणार होती, पाहुणे उशिरा आले आणि ती दुपारी एकला झाली. अकराच्या सुमारास जेवणाची पाकिटं वाटली, वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन-दोन वडापाव, कागद तेलाने पारदर्शक झालेला. तळलेलं पोटातून लवकर पुढे सरकत नाही. ते खाऊन धावलं तर कळ येते, न खाता धावलं तर पाय चालत नाहीत. मुली माझ्याकडे बघत होत्या, खाऊ की नको? मी जवळच्या लारीवरून केळी आणली, जेवढी मिळाली तेवढी. त्यातली एक मुलगी कडुलिंबाच्या झाडाखाली बसली, तिने एक केळं खाल्लं आणि दुसरं रुमालात बांधून दप्तरात ठेवलं. भावासाठी. मी तिला रागावू शकले नाही. पण त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे, की खेळाडूचं खाणं मैदानावरच, आमच्या समोर, पोटात गेलं पाहिजे. हातात पाकीट किंवा खात्यात पैसे दिले तर ते घरात वाटले जाणार, आणि वाटले जावेत असंच कोणत्याही बहिणीला वाटणार.

चांगला आयोजक काय करू शकतो तेही सांगते. अंतिम फेरीची वेळ आदल्या दिवशी ठरवायची आणि पाळायची. तीन तास आधी साधं जेवण, भात-वरण किंवा पोळी आणि मऊ भाजी. तासभर आधी केळं. कबड्डी-खोखोत एका दिवसात दोन-तीन सामने असतात, तिथे मधल्या वेळात गूळ-शेंगदाणे, केळं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. पाहुण्यांसाठी सामना थांबवू नये हा तर आहाराचाही नियम आहे, कारण खेळाडूचं पोट घड्याळाकडे बघून भरलेलं असतं.

मुलींच्या रक्ताबद्दल बोलायला आपल्या बैठकीत सगळे संकोचतात, म्हणून मी लिहिते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के रक्तक्षयी निघाल्या. रक्तातलं हिमोग्लोबिन फुप्फुसातला प्राणवायू स्नायूंपर्यंत नेतं. ते कमी असेल तर कितीही सराव केला तरी श्वास पुरत नाही. अशा मुलीला "अजून दोन फेऱ्या मार" असं सांगणं म्हणजे भरलेल्या बैलगाडीला जुंपलेल्या उपाशी बैलाला चाबूक दाखवणं आहे. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी येते. ती गोळी आणि लोह असलेलं जेवण चहाबरोबर घेतलं तर चहा लोह नीट शोषू देत नाही, लिंबू किंवा आवळ्याबरोबर घेतलं तर जास्त शोषलं जातं. आपल्या शिबिरात जेवण झाल्या झाल्या चहाची किटली फिरते. ती तासाभराने फिरवायला पैसे लागत नाहीत.

आमच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे, सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजात तो पुष्कळ आढळतो. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याचा सराव डॉक्टरांना विचारूनच ठरला पाहिजे. जो फक्त वाहक आहे, म्हणजे ज्याला हा दोष दोघांपैकी एकाकडूनच आला आहे, तो खेळू शकतो, पण उन्हात, पाण्याशिवाय, एकदम जोर लावून धावायला लावलं तर तो कोसळू शकतो. त्याचा सराव हळूहळू वाढवावा लागतो, पाणी आणि विश्रांती मिळावी लागते. सिकलसेलच्या रुग्णाला लोहाच्या गोळ्याही सरसकट देता येत नाहीत. शिबिराच्या नावनोंदणी अर्जात जर्सीचा नंबर विचारला जातो, सिकलसेलची तपासणी झाली का हे विचारलं जात नाही.

खाणं शरीराच्या खर्चाच्या मानाने कमी पडत राहिलं की मुलींची पाळी थांबते. "सरावामुळे होतं असं" म्हणून आम्ही बायकासुद्धा सोडून देत आलो. ते शरीराने दिलेलं लक्षण आहे, की आता हाडं बांधायलाही काही शिल्लक नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्येच या उपासमारीला वैद्यकीय नाव दिलं आणि सांगितलं की हे मुलग्यांनाही होतं. नडगीच्या हाडाला बारीक तडा जाणं हा त्याचाच पुढचा टप्पा असू शकतो. दुखऱ्या नडगीवर स्प्रे मारून मुलीला पळवण्याआधी ती जेवली का, हे विचारणारं कोणीतरी शिबिरात हवं.

वजनगटाच्या खेळांबद्दल थोडक्यात, पण कडक शब्दांत. कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंगच्या वजनकाट्यापुढे 14 वर्षांखालची मुलं आदल्या दुपारपासून पाणी न पिता उभी असतात, काही तर स्वेटर घालून धावून आलेली. 1997 मध्ये अमेरिकेत सुमारे महिनाभरात महाविद्यालयीन कुस्तीचे तीन मल्ल असं वजन उतरवताना दगावले, तेव्हा तिथे नियम बदलले. आपण एखादा मुलगा जाण्याची वाट पाहू नये. वाढत्या वयाच्या मुलाने वरच्या गटात लढावं, एवढं मार्गदर्शकांना लेखी बजावलं तरी पुष्कळ होईल.

पाण्याचंही तसंच. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या घरात जातो आणि आपली उन्हाळी शिबिरं त्याच दिवसांत असतात. घामाने शरीराचं वजन 2 टक्क्यांनी घटलं की कामगिरी उतरू लागते. 45 किलोच्या मुलीला म्हणजे जेमतेम 900 ग्रॅम. सरावाआधी आणि नंतर वजन केलं की किती पाणी गेलं ते कळतं, आणि गेलेल्या दर किलोमागे सव्वा ते दीड लिटर भरून द्यावं लागतं, त्यात मीठही हवं. नुसतं साधं पाणी ढोसून भागत नाही. मीठ घातलेलं ताक आपल्याकडे प्रत्येक घरी होतं. मैदानावर मात्र एकच टाकी, तीही कार्यालयाच्या मागे.

राहिले पावडरचे डबे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं 1600 मीटरसाठी आमच्याच मैदानावर येतात. त्यांच्यातले काही पोटाला चिमटा घेऊन महिन्याच्या मजुरीतून हे डबे आणतात आणि घरी अंडं घेत नाहीत. डब्यात काय भरलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. त्यात बंदी असलेलं औषध निघालं तर दोष खेळाडूचाच धरला जातो, मला ठाऊक नव्हतं हे चालत नाही. शाळकरी खेळाडूंना हे डबे सुचवणाऱ्या मार्गदर्शकांना आपण थांबवलं पाहिजे.

निधी नाही हे मला मान्य नाही. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपला केळीपट्टा देशाला केळी पाठवतो. भाव पडले की वापसीचा, म्हणजे व्यापाऱ्याने नाकारलेला माल बांधावर पडून राहतो, गुरांना घातला जातो. शिबिराच्या गावातल्या दोन बागायतदारांशी आधी बोललं तर केळ्यांचा खर्च जवळजवळ उरत नाही. दोन केळी, एक अंडं, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, हे आमच्या बाजारात आज पंचवीस रुपयांच्या आत बसतं. एका स्मृतिचिन्हाच्या किमतीत किती मुलांचा नाश्ता होतो ते आपणच मोजा.

माझ्या मागण्या अशा आहेत.

नाश्ता स्वखर्चाने करण्याची सूचना मागे घ्या, आणि तीही हे शिबिर सुरू होण्याआधी. सराव संपल्यापासून अर्ध्या तासात प्रत्येक खेळाडूला मैदानावरच खायला मिळालं पाहिजे.

शिबिराचं जेवण ठरवताना क्रीडा आहाराची जाण असलेल्या व्यक्तीला किंवा निदान शासकीय रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांना बसवा. ठेक्याच्या अटींत रोजची प्रथिनं किती हे लिहा आणि रोजचा जेवणाचा फलक मैदानावर लावा. भाकरी, उडदाची डाळ, वरण, अंडी, आणि अंडी न खाणाऱ्यांसाठी दूध-हरभरे त्यात असावेत.

नावनोंदणीच्या वेळी हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासणीची सोय प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत करा. निकालाची गुप्तता राखा आणि रक्त कमी निघालेल्या मुलीला शिबिरातून काढू नका, तिच्यावर उपचार करा.

स्पर्धेच्या वेळा आदल्या दिवशी जाहीर करा आणि पाहुण्यांसाठी त्या हलवू नका. तळलेल्या पाकिटांऐवजी साधं जेवण द्या. प्रत्येक मैदानावर दोन ठिकाणी पिण्याचं पाणी आणि मीठ-साखरेचं पाणी ठेवा.

नववी ते बारावीच्या नोंदणीकृत खेळाडूंना दुपारचं जेवण मिळावं असा ठराव करून शासनाकडे पाठवा. त्यावर सह्या मिळवून द्यायला आम्ही क्रीडाशिक्षक गावोगावी फिरू.

शिबिराच्या खर्चाचा तपशील, जेवणाचा आणि मंडपाचा वेगवेगळा, पालकांना दिसेल असा लावा.

या पत्राचं उत्तर मला लेखी हवं आहे. केळी आणि शेंगदाण्याची सोय या शिबिरापुरती आम्ही काही शिक्षक आणि शेतकरी मिळून करतो आहोत. त्यासाठी सकाळी साडेसातला मैदानाच्या कोपऱ्यात टेबल लावायची परवानगी आधीच मागितली आहे. ती तरी या आठवड्यात द्यावी.

कळावे,
आपली,
तापीकाठच्या एका माध्यमिक शाळेतली क्रीडाशिक्षिका